नवऱ्याच्या गळ्यासाठी रजा

४ फेब्रुवारी, मंगळवार

साहेब नाही म्हणाले.

उभ्या उभ्याच म्हणाले, हातात चहाचा कप. "युद्धसराव संपेपर्यंत कोणालाच रजा नाही, सिस्टर. वरून हुकूम आहे." मी म्हटलं, साहेब, सोमवारी नवऱ्याचं ऑपरेशन आहे. "मोठं आहे का?" मोठं म्हणजे काय सांगायचं? मास्तरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, गळ्यात गाठ आहे, वाईट आहे, आणि तिच्यासकट अख्खं स्वरयंत्र काढणार आहेत. मानेवर पुढे भोक राहणार. श्वास त्यातूनच, जन्मभर. आवाज गेला तो गेलाच. एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी कप खाली ठेवला. उत्तर मात्र तेच.

"तुमच्याशिवाय दवाखान्यात सहायक कोण आहे माझ्याकडे?" ते म्हणाले. कोणी नाही. दुसरा पाय मोडून घरी बसलाय. मी बाहेर यायला निघाले तसं साहेब म्हणाले, "तुमच्या नवऱ्याला बहीण आहे ना? माझ्या पलटणीतल्या पोरांना इथे कोण आहे?"

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

दुपारभर पोरांच्या टाचांवरचे फोड साफ करत बसले. एकजण म्हणाला, सिस्टर, आज हात जड लागतोय. लागणारच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

भाऊसाहेबांच्या खनपटीला बसले. आमच्या ऑफिसचे कारकून. वयाने आणि पोटाने मोठे, म्हणून सगळे भाऊसाहेब म्हणतात. रजेचे नियम त्यांना तोंडपाठ आहेत. माझ्यासाठी पुन्हा सगळी फाइल उघडली, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं.

वार्षिक रजा? सासूबाईंच्या आजारपणात आणि त्या गेल्यावर घर आवरण्यात संपली. तातडीची? माणूस गेला तर मिळते, नाहीतर शेवटच्या घटका मोजतोय असं रुग्णालयाने लिहून दिलं तर. "तुमचं ऑपरेशन तारीख ठरवून चाललंय. मग ती तातडी कशी?" पुढच्या वर्षातली उसनी घ्यायची तर साहेबांची सही. बिनपगारी घ्यायची तर मुख्यालयाची. घराजवळ बदली? अर्ज सहामाहीला एकदाच बघतात. मी म्हटलं, बायकोच्या बाळंतपणात नवऱ्यांना मिळते ना? भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मिळते. तुमच्यात कोण बाळंत होणार आहे?"

मला हसू आलं. मग रडू आलं. भाऊसाहेब गडबडले, पाण्याचा पेला पुढे सरकवला. म्हणाले, "बायको आजारी आहे, घरी बघायला कोणी नाही, असे अर्ज ढीगभर येतात. त्यांच्यासाठी फॉर्मात रकाना आहे. तुमचा उलटा आला, सिस्टर. कुठे बसवू?"

तरी बिनपगारीचा लिहून घेतला. मुख्यालयाला गेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सरावापुरते सगळ्यांचे मोबाइल फाटकावर जमा. आता ऑफिसातला तो एकच काळा फोन.

९ फेब्रुवारी, रविवार

मास्तरशी बोलले. बहुतेक शेवटचं. म्हणजे तो बोलला असं शेवटचं.

काय बोलावं ते दोघांनाही कळेना. भाऊसाहेब पाठ करून बसले होते, पण कान इकडेच असणार. मास्तर गाडी शिकवतो. वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून ओरडतोय, "क्लच म्हणजे काय घंटी आहे का, दाबली आणि सोडली?" म्हणाला, "आता पोरं आनंदाने शिकतील. शेजारी मुका मास्तर!" मी म्हटलं, गप्प बस. तो म्हणाला, "उद्यापासून बसणारच आहे. आज तरी बोलू दे."

मग म्हणाला, "तू नसलीस तरी चालेल गं. ताई आहे."

चालणार नाहीये. त्यालाही ते ठाऊक आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आत नेलं. संध्याकाळ होत आली तरी ताईंचा फोन नाही. ताई म्हणजे मास्तरची मोठी बहीण, माझी नणंद. मायेच्या आहेत, पण रक्त बघितलं की पांढऱ्या पडतात. मी दवाखान्यात इंजेक्शनं देत होते, पट्ट्या बांधत होते आणि दर थोड्या वेळाने ऑफिसच्या दाराशी जाऊन उभी राहत होते. भाऊसाहेब नुसती मान हलवायचे.

दिवे लागायच्या सुमारास फोन आला. "बाहेर आणलंय. डॉक्टर म्हणाले, गाठ पूर्ण निघाली." आणि मग, "अगं, त्याच्या मानेला भोक आहे." जसं काही आधी सांगितलंच नव्हतं. ताई रडत होत्या. मी म्हटलं, ताई, भोक असू दे, श्वास घेतोय ना? घेतोय म्हणाल्या.

जीव भांड्यात पडला. पण सबंध नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज मास्तरशी बोलले. बोलले मीच. ताईंनी फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडे फक्त श्वास, फुसफुस, नळीतून येणारा. असा श्वास मी कामात शंभरदा ऐकलाय. आपल्या माणसाचा पहिल्यांदाच.

ताईंनी युक्ती काढली. त्याच्या हातात चमचा दिला. फोनवर एकदा टक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही.

दुखतंय का? टक. झोप लागते? टक टक. ताई त्रास देतात का? टक, टक, टक, टक! ताई मागून ओरडल्या. मी हसले. भाऊसाहेबसुद्धा हसले, म्हणजे ऐकतच होते.

मग विचारलं, मी यायला हवीय का?

पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज. मग फोन ताईंच्या हातात. "थकला गं तो."

१५ फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या आठवड्यात घरी सोडणार. पण घरच्या कोणीतरी गळ्याच्या भोकातली नळी साफ करायला शिकलं पाहिजे, असं तिथली नर्स म्हणाली. नळीत नळी असते, त्यातली आतली फिरवून काढायची, धुवायची, पुन्हा बसवायची. कफ सुकला तर मीठपाण्याचे थेंब टाकायचे. सक्शनचं, म्हणजे कफ ओढायचं, छोटं यंत्र भाड्याने घ्यायचं. मला हे डोळे मिटून येतं. इथे गेल्या वर्षी एका जवानाला असंच जपलं होतं, त्याची आई पाया पडायला आली होती.

ताईंनी पहिल्यांदा हात लावला आणि तिथेच खाली बसल्या. नर्सने त्यांनाच पाणी दिलं.

दुसरं कोण आहे? शेजारचे आजोबा, त्यांचे हात थरथरतात. माझा भाऊ बोटीवर. पगारी नर्स ठेवली तर ती दिवसा येणार. कफ काही वेळ बघून सुकत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुख्यालयाचं उत्तर आलं. बिनपगारी रजा "सध्याच्या परिस्थितीत विचाराधीन ठेवता येत नाही."

विचारसुद्धा करता येत नाही म्हणे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नोकरी सोडते, असं भाऊसाहेबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "सोडा. तीन महिन्यांची नोटीस. तोवर सराव संपलेला असेल, सिस्टर." मग दाराकडे बघून हळूच म्हणाले, "आणि उगाच फाटकाबाहेर जाऊ नका. पळाली अशी नोंद होईल. नोकरी जाईल, वर कैद. मग ना तुम्ही त्यांच्याजवळ, ना इथे."

त्यांना कसं कळलं मी फाटकाचा विचार करतेय? चेहऱ्यावर दिसत असेल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी आत बोलावलं. वयाने माझ्याहून लहान, हुद्द्याने मोठ्या. हसत नाहीत. कामात चूक झाली तर सगळ्यांसमोर फाडून खातात. मला वाटलं काहीतरी चुकलं. काल एकाच्या हातात सुई नीट लागली नव्हती.

"तुमच्या जागी मुख्यालयाकडून दुसरा सहायक मागवला होता मी," म्हणाल्या. "दोनदा. नाही म्हणाले." मला माहीतच नव्हतं. मी काही बोलणार तोवर त्यांनी समोरचा कागद ओढला. "जा आता. बाहेर रांग आहे."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा साहेबांकडे गेले. या वेळी त्यांनी बसायला सांगितलं. ते जास्त वाईट वाटलं.

म्हणाले, मागे एका सरावात सहायक नव्हता, आणि त्यांच्या हातात एक पोरगा रक्त वाहून गेला. गाडी पोचेपर्यंत संपला. "त्याच्या आईला मी पत्र लिहिलं. काय लिहिलं आठवत नाही. उद्या आम्ही पुढे डोंगरात जातोय, खरा दारूगोळा घेऊन. माझा राग धरा, चालेल."

मी राग धरला. पण माणूस खोटं बोलत नव्हता. हेच जास्त जाळतं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर घरी आला. साहेब निम्मी पलटण घेऊन डोंगरात गेले. मी आणि मॅडम मागे, छावणीतल्या दवाखान्यात. कोणी जखमी झालं तर इथे आणणार.

ताई सक्शन करायला शिकल्या म्हणे. "डोळे मिटून करते," म्हणाल्या. मी म्हटलं, ताई, उघडे ठेवून करा!

२३ फेब्रुवारी, रविवार

फोनवर श्वास ऐकला. घरघर होती. ताईंना म्हटलं, खोलीत हवा कोरडी आहे, ओला रुमाल गळ्यावर धरा, थेंब टाका. त्या हो हो म्हणाल्या. ज्या हो हो म्हणतात ना, त्या टाकत नाहीत.

मास्तरला विचारलं, बरा आहेस? टक टक.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

काल लिहायला जमलं नाही.

काल दुपारी भाऊसाहेब धावत आले. त्यांना धावताना कोणी बघितलं नसेल. "सिस्टर, घरून फोन!" मी हातातली पट्टी तशीच सोडली. मॅडम तिथेच होत्या, त्याही मागे आल्या.

ताई किंचाळत होत्या. तो निळा पडलाय, श्वास येत नाही, यंत्राने काहीच येत नाही, रुग्णवाहिकेला सांगितलंय पण ती कधी येणार. मागे तो आवाज. नळीत कफाचा बोळा अडकल्यावर येतो तो. मी ओळखला. आणि मग काय झालं माहीत नाही, माझा आवाज एकदम कामाचा झाला, दवाखान्यातला.

"ताई, आतली नळी फिरवा. डावीकडे. बाहेर ओढा."

"मला नाही होणार—"

"होणार. माझा हात समजा. ओढा."

निघाली. बोळा तिच्यात नव्हता, अजून खाली होता. थेंब टाका म्हटलं. कुठे टाकू? भोकात, सरळ भोकात, भरपूर. ताई रडत होत्या आणि टाकत होत्या. खोकू दे त्याला, पाठीवर थाप मारा. खोकला येत नव्हता. मग मी म्हटलं, बाहेरची नळीपण काढा, ताई, पूर्ण. भोक बंद होणार नाही, मी सांगते ना. त्या म्हणाल्या, "मरेल गं माझ्या हातून." मी म्हटलं, "नाही काढली तर मरेल." हे मी म्हटलं. त्यांच्या भावाबद्दल. माझ्या नवऱ्याबद्दल.

पलीकडे काही क्षण नुसती धडपड. भांडं पडल्याचा आवाज. आणि मग एक मोठा, ओला, घाणेरडा खोकला. आणि श्वास. असा गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही.

ताई म्हणाल्या, "निघालं. एवढं मोठं. अंगठ्याएवढं." मग बहुतेक त्या जमिनीवर बसल्या. रुग्णवाहिका आली, नळी पुन्हा बसवायला रुग्णालयात नेलं.

मी फोन ठेवला तेव्हा मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. मला वाटलं ओरडतील, पट्टी अर्धी टाकून आले म्हणून. त्यांनी स्वतः जाऊन ती पट्टी बांधली.

आज सकाळी मॅडमनी माझ्या हातात रजेचा कागद ठेवला. सही, शिक्का. पंधरा दिवस.

मी विचारलं, साहेब हो म्हणाले?

"वायरलेसवर बोलणं झालं. बस किती वाजता आहे?"

मॅडम, इथलं काम?

"मलाही पट्टी बांधता येते. निघा, सिस्टर."

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय. हलू दे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पोचले. मास्तर रुग्णालयाच्या खाटेवर बसला होता, वाळून अर्धा झालाय. मला बघून तोंड उघडलं, बोलायला, सवयीने. काही आलं नाही. मग त्याने तोंड मिटलं आणि तोंडावर हात धरला. मी हात बाजूला केला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

घरी. त्याला मीच बघते. धुते, पुसते, थेंब टाकते. तो पाटीवर लिहितो, गाडी शिकणाऱ्या पोरांना आकृत्या काढून दाखवायची जुनी पाटी. पहिल्या दिवशी लिहिलं, "बायको की नर्स?" मी म्हटलं, नर्सला पगार लागतो. त्याने लिहिलं, "मग बायकोच."

ताई दुपारी येतात. आता डोळे उघडे ठेवून सक्शन करतात. शेजारच्या आजोबांना रोज सांगतात, मी वाचवला त्याला. खरंच आहे. मी मध्ये बोलत नाही.

५ मार्च, बुधवार

आज वाईट गेला. गळ्यावरच्या टाक्यांपाशी लाल झालंय, ताप आला. डॉक्टर म्हणाले औषध बदलू, भिऊ नका. मी भिते. रजा संपत आली की काय होणार? हा एकटा पडला की? पुन्हा निळा पडला की? मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर आले तर पाटीवर लिहून ठेवलं होतं : "नळाचं पाणी संपेल."

८ मार्च, शनिवार

ताप उतरला. आज त्याने आरशासमोर बसून स्वतःची नळी स्वतः काढली, धुतली, बसवली. वेळ लागला, पण झालं. मग माझ्याकडे बघून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवल्यासारखे धरले. त्याच्या शिष्यांनी परीक्षा पास केली की तो असंच करायचा.

पहिल्यांदा वाटलं, मी परत गेले तरी हा जगेल.

१० मार्च, सोमवार

भाऊसाहेबांचा फोन. आवाज दबका. साहेब डोंगरातून परत आले, हजेरी बघितली, विचारलं, सिस्टर कुठे. साहेबांनी रजा कधीच दिली नव्हती. वायरलेसवर बोलणं वगैरे काही झालंच नव्हतं. मॅडमनी स्वतःच्या अंगावर घेऊन सही केली, हुकूम मोडून. त्यांना कामावरून बाजूला केलंय, परवा चौकशी. "तुमचं नाव घेऊ देत नाहीत त्या. म्हणतात, सिस्टरला ठाऊक नव्हतं, तिला घरीच राहू दे. रजा पूर्ण करा आणि गप्प या, असा निरोप आहे."

मास्तरला सगळं सांगितलं. म्हटलं, ताईंना बोलावते, मी आजच निघते, जे झालं ते साहेबांपुढे उभी राहून सांगते. त्याने फोन माझ्या हातातून काढून घेतला. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घातला, वरची दोन बटणं उघडी ठेवली. मग पाटी घेतली.

"दोन तिकिटं काढ. साहेबांना माझा गळा बघू दे."